सावलीत नेलेली बॅटरी

माझ्या धाकट्या बहिणीने आम्ही बांधलेली मोटरसायकल पहिल्यांदा पळवली तेव्हा गाडीला आवाजच नव्हता, याचं आप्पांना वाईट वाटलं. आप्पा म्हणजे आमचे वडील. लातूरकडून तरुणपणी आले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्येच निवृत्त झाले. यंत्र बरं चाललंय की बिघडलंय, हे ते कानाने ओळखायचे. आणि ही गाडी विजेवरची. सुटताना टायर तेवढा किंचाळला, मग शिट्टीसारखा बारीक सूर, आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत बहीण पार लांब, टिकलीएवढी झाली. आप्पा तिकडे बघत म्हणाले, "हिला आतून काय व्हायलंय ते कळायचं कसं गं?"

"मला कळतं," मी म्हणाले. "माझ्याकडे आकडे येतात."

मी चाकणला एका कंपनीत बॅटरीचे सेल तपासायचं काम करते. बहीण दुसऱ्या एका कंपनीत टेस्ट रायडर होती. म्हणजे बाजारात यायच्या आधीच्या स्कूटर, मागे वाळूची पोती बांधून, दिवसभर त्याच त्या ट्रॅकवर फिरवायच्या. तिला त्याचा वीट आला होता. एक दिवस ती घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "ताई, आपण ड्रॅगची गाडी करू. सेल तू बघ, चासी आप्पा करतील, चालवीन मी."

ड्रॅग रेसमध्ये वळण नसतं, डावपेच नसतो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि चारशे मीटर सरळ. जी आधी पोचली ती जिंकली. सगळा खेळ काही सेकंदांचा, पण तेवढ्या सेकंदांत बॅटरीने जे द्यायचं असतं ते साधी बॅटरी देऊच शकत नाही. ती तापते, फुगते, मरते. म्हणून मी ओळखीतून एका परदेशी कंपनीचे नमुन्याचे सेल मिळवले. अजून बाजारात न आलेले. तळहाताएवढे, चपटे, चंदेरी पाकिटात बंद. त्यांच्या आत सिलिकॉन होतं आणि त्यामुळे एवढ्याशा वजनात ते अफाट ताकद साठवायचे. आणि त्या सिलिकॉनमुळेच ते भरताना फुगायचे आणि रिकामे होताना आकसायचे. आप्पांनी त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमची पेटी केली, आत स्प्रिंग लावलेल्या पट्ट्या. सेल त्या पट्ट्यांमध्ये घट्ट दाबून बसवले. पळवण्याआधी आम्ही ती पेटी गरम ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायचो, कारण हे सेल कोमट असले की जास्त मोकळेपणाने वीज सोडतात.

सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर मी दर वेळी स्प्रिंग किती दबल्यात ते मोजू लागले. आकसल्यावर सेल पूर्वीच्या जाडीवर परत यायला हवे होते. ते येत नव्हते. प्रत्येक फेरीनंतर केसभर जाड राहायचे. मी बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "जिममध्ये गेल्यावर माझे दंड पण असेच राहतात." आणि हसली. मीही हसले. ते सेल फुगणार हे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं होतं. तरी त्या दिवसापासून पेटीजवळ वाकून काम करताना मी तोंड थोडं बाजूला धरू लागले. का, ते मला सांगता आलं नसतं.

आमचं काम महाळुंग्यात चालायचं. कारखान्यांच्या मागच्या बाजूला एका जुन्या गावकरी बाईंचं पत्र्याचं शेड होतं, ते आम्ही भाड्याने घेतलं होतं. शेडला लागून त्यांचा गोठा, त्यात दोन म्हशी. चारी बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि मधे हा एवढासा तुकडा त्यांनी विकला नव्हता. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्या आमच्या पेटीला 'तुमचं पेटारं' म्हणायच्या आणि तिच्याजवळून जाताना पदर आवरून घ्यायच्या.

शर्यत एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर होती. रविवारची सकाळ, मोकळा माळ, गरम डांबराचा वास. बहीण तिच्या गटात सगळ्यात पुढे राहिली. तिच्या शेजारी पेट्रोलची मोठी, गर्जणारी गाडी होती, आणि आमची मुकी गाडी तिच्यापुढे अशी सरकत गेली की बघणारे लोक आधी गप्प झाले आणि मग ओरडले. आप्पांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

शेवटची रेघ ओलांडल्यावर गाडी थांबायला लांब जागा लागते. तिथे पट्टीच्या कडेला खडी पसरली होती. ब्रेक लावताना पुढचं चाक खडीवर गेलं आणि गाडी आडवी झाली. बहीण सुटून घसरत गेली, गाडी तिच्याही पुढे, ठिणग्या उडवत. आम्ही पळालो. पोचेपर्यंत ती उठून बसली होती. कोपर सोलवटलं होतं, पायात कळ होती, बाकी ठीक. हेल्मेट काढून तिने पहिलं विचारलं, "गाडी?"

गाडी पडली होती, दिवे चालू होते. पेटीच्या मागच्या कोपऱ्याला पोचा पडला होता. मुठीएवढा. मी हात लावून बघितलं, नेहमीएवढीच गरम. आकडे बघितले, सगळे जागच्या जागी. धूर नाही, वास नाही. लोक येऊन म्हणाले, थोडक्यात निभावलं. आप्पांनी त्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे ठोकून सरळ करतो मी, काळजी करू नको."

"आप्पा, हिला हातोडी लावायची नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

शेडवर आल्यावर मी पेटी रिकामी करायला घेतली. एकदा वीज काढून घेतली की बॅटरी म्हणजे नुसतं वजन, तिची भीती उरत नाही. मोठे हॅलोजन दिवे जोडले आणि ते दुपारभर जळत ठेवले. अर्धी पेटी रिकामी झाली आणि उरलेली अर्धी होईना. आत कुठेतरी तांब्याची जोडपट्टी आपटून तुटली होती. आकडे सांगत होते की पलीकडचे सेल जवळजवळ भरलेले आहेत, पण त्यांच्यातली वीज बाहेर काढायला वाटच राहिली नव्हती. पोचा पडला होता तोही त्याच बाजूला.

माझं म्हणणं, पेटी मिठाच्या पाण्यात बुडवून मारून टाकू. आमच्या कंपनीत खराब झालेल्या पॅकचं तेच करतात. बहीण ऐकेना. "ताई, हे सेल परत मिळणार नाहीत. तूच म्हणालीस ना, त्यांनी ते बनवणं बंद केलंय? जरा थांब. तू आकडे बघ. हलले तर बुडव, नाही हलले तर सुरक्षेचे कपडे घालून उघडू."

यात चूक काही नव्हती. असं थांबून बघतातही. पण थांबायचं ते उघड्यावर, सगळ्यापासून लांब, ही माझी अट होती. आम्ही पेटी चाकाच्या गाड्यावर ठेवून मोकळ्या जागेत, गोठ्यापासून जमेल तेवढी दूर नेली, खाली वाळू पसरली, वरून ताडपत्री झाकली. मावशींनी पाण्याची जुनी टाकी दिली. मिठाची पोती आणून ठेवली. पेटीतलं छोटं यंत्र माझ्या फोनवर आकडे पाठवत होतं, आणि दिवसा आप्पा शेडवर राखणीला थांबायचे.

मग ते दिवस सुरू झाले. आजही मला त्या दिवसांचीच जास्त भीती वाटते, त्या दुपारपेक्षा. काहीच घडत नव्हतं. मी भाजी चिरत असे आणि फोन बघत असे. कंपनीच्या बसमध्ये सगळे पेंगत आणि मी फोन बघत असे. पेटीचं तापमान पहाटे खाली जायचं, ऊन चढलं की त्याच्याबरोबर चढायचं, ऊन उतरलं की उतरायचं. रोज फोनवर तोच उंचवटा, एखाद्या टेकडीसारखा. सेलच्या एका गटाचा आकडा मात्र बाकीच्यांपेक्षा जरासा खाली होता. मोजण्यातली चूक म्हणावी इतकाच. दुसऱ्या दिवशी आणखी जरासा. मी बहिणीला म्हणाले, "एक गट आतल्या आत गळतोय."

"किती?"

"कमीच. पण थांबत नाही."

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि तो आकडा स्वतः बघितला. मग म्हणाली, "बुडव." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी माझी शिफ्ट सुटल्यावर बुडवायचं ठरलं. पेटी उचलून टाकीत सोडायला तिघं तरी हवेत, म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये बसले होते. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते. ताट समोर ठेवलं आणि फोन बघितला. आकडे चांगले होते. तापमान कमी होतं, नेहमीच्या दुपारपेक्षा कितीतरी कमी. मी पहिला घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. टेकडी कुठे गेली? एवढं ऊन असताना पेटी तापली का नाही?

पेटी उन्हात नव्हती. कोणीतरी तिला सावलीत नेलं होतं, आणि त्या जागेत सावली एकाच ठिकाणी होती. शेडमध्ये.

मी आप्पांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मला माहीत होतं, या वेळी ते शेडमधल्या बाजेवर पडलेले असतात आणि फोन खिडकीत असतो. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर एका जागचं तापमान वर सरकलं. थोडंसं. मग आणखी थोडंसं. बाकी सगळे आकडे निवांत होते, तो एकटा चढत होता.

मी मावशींना फोन केला. त्यांनी लगेच उचलला.

"मावशी, आप्पा कुठायत?"

"आत निजल्यात की. सकाळी त्या भंगारवाल्यांचा टेम्पो दोनदा येऊन गेला, ताडपत्री उचलून बघत व्हते. मंग तुझ्या आप्पांनी पेटारं आत वढून घेतलं. का गं?"

"त्यांना उठवा आणि बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. तुम्ही आत जाऊ नका, दारातून हाका मारा."

"व्हय. पर पोरी, वास कसला येतोय गं हा? गोड गोड, नखाला लावायच्या रंगावानी?"

तो वास मला माहीत होता. सेलचं पाकीट फुटून आतलं द्रव्य बाहेर येतं तेव्हा तसा वास येतो. मी कँटीनमधून ओरडतच बाहेर पडले. कानाशी फोन होता आणि त्यातून मावशींच्या हाका येत होत्या, "अवो पाव्हणं! उठा! भाईर या!" मग दार वाजल्याचा आवाज, मग आप्पांचा झोपेतला आवाज, "काय झालं?" आणि मग मला नको होतं तेच ऐकू आलं. लोखंडी चाकं फरशीवर घासल्याचा आवाज. ते बाहेर पळाले नव्हते. ते पेटी ओढत होते.

"मावशी, सोडायला सांगा ती! सोडा म्हणावं!"

"ऐकंनात गं! म्हणत्यात गोठा जळंल, जनावरं बांधल्याली हायती!"

मग फुस्स असा लांब आवाज झाला, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. आणि फोन बंद झाला.

कंपनीच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाने मला त्याच्या दुचाकीवर घेतलं. वाटेत मी अग्निशमन दलाला फोन केला, बहिणीला केला. काय बोलले ते आठवत नाही. लांबून धूर दिसत होता. पांढरा, दाट, आकाशात न चढता जमिनीवरून पसरणारा. आम्ही वळलो तेव्हा त्या धुराच्या पोटात जाळ पेटला आणि पेटीतून आगीच्या जिभा आडव्या निघाल्या, वेल्डिंगच्या गॅससारख्या, एकामागून एक. प्रत्येक सेल पेटला की एक जीभ. पेटी शेडच्या दाराबाहेर होती. आप्पांनी तिला उंबऱ्यापलीकडे काढलं होतं. मावशींनी म्हशींची दावी कापली होती, आणि म्हशी कंपनीच्या भिंतीलगत उभ्या राहून हंबरत होत्या.

आप्पा वाळूजवळ गुडघ्यांवर बसले होते. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. मला बघून ते म्हणाले, "गोठ्याला काही झालं न्हाई," आणि खोकायला लागले. तो खोकला थांबला नाही.

आग बघणाऱ्याला आगच दिसते. त्या पांढऱ्या धुरात काय असतं ते मला माहीत होतं. तो फुप्फुसाच्या आत जाऊन जाळतो आणि त्याचा हिशेब नंतर लागतो. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत आप्पा बोलत होते, चहा मागत होते. डॉक्टर म्हणाले, बरे दिसतायत. मी त्यांना म्हणाले, यांना सोडू नका, बघत राहा. रात्री श्वास घेता येईना आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

बहीण बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिकडे महाळुंग्यात विझलेली पेटी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटली. मावशींनी फोन करून सांगितलं. अग्निशमन दलाचे लोक परत आले आणि त्यांनी ती पेटी आमच्याच टाकीत ढकलली. पाणी उकळल्यासारखं झालं, म्हणे, आणि मग शांत झालं.

"मी आधीच बुडव म्हणायला हवं होतं," बहीण म्हणाली.

"तू म्हणालीस की."

"एक दिवस उशिरा."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

आप्पा वाचले. महिन्याभराने घरी आले. आवाज गेला होता. उरला तो घोगरा, कुजबुजीसारखा. दोन खोल्यांमधलं अंतर चाललं की भिंतीला टेकून उभे राहायचे. एकदा मी त्यांना औषध देताना विचारलं, "आप्पा, पळाला का नाहीत?"

ते मावशींच्या म्हशींबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही दोघी सहा महिने खपलात तिच्यावर. भंगारवाल्याच्या हाती कशी जाऊ देऊ? आन् आत मीच आणली होती, मंग भाईर बी मीच नेणार." मग बऱ्याच वेळाने, दम घेऊन, "थंडगार होती गं ती. मी हात लावून बघितला झोपायच्या आधी. थंडगार."

वर्ष उलटून गेलं. ताथवड्याच्या बाजूला काही जणांनी मिळून ड्रॅग रेसिंगचा संघ काढला आहे. चांगले पैसेवाले, शिकलेले लोक. त्यांच्याकडे विजेची गाडी आहे, आणि तिच्यात आमच्याहून नव्या जातीचे सेल. त्यांनी बहिणीला बोलावलं. तिने घरी सांगितलं तेव्हा आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. टीव्ही बघत राहिले. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पेटी कोण बघतंय त्यांची?"

ती म्हणाली, "पेटी बंद आहे, आप्पा. कंपनीने सील करून दिलीय. आत काय आहे ते आम्हालाही दाखवत नाहीत."

मी तिच्या पहिल्या शर्यतीला गेले. आप्पा आले नाहीत, त्यांना धुळीचा त्रास होतो. तीच धावपट्टी, पण या वेळी कडेची खडी झाडून काढलेली. संघाचा मोठा तंबू, पंखे, कोल्ड्रिंकचे खोके. गाडी काळी, चकचकीत. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, फेरीनंतर जाडी मोजता का? तो नम्रपणे हसला आणि म्हणाला, "मॅडम, त्याची गरज नाही, सगळं सॉफ्टवेअर बघतं."

बहीण हेल्मेट हातात घेऊन माझ्याजवळ आली. "ताई, बसू का गाडीवर?"

या पेटीचे आकडे माझ्याकडे येत नव्हते. मी म्हणाले, "तुझं तू ठरव."

ती बसली. दिवा हिरवा झाला आणि ती निघून गेली. थांबली. परत आली. जिंकली होती. सगळे तिच्याभोवती जमले, गाडीला टेकून फोटो काढू लागले. कोणीतरी त्या काळ्या पेटीवर पाय ठेवून उभं होतं.

मी तंबूपासून लांब, उन्हात उभी होते. तिथून तिला हात केला. ती गर्दीतून बाहेर आली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. घामाने भिजली होती, चेहरा फुलला होता. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच, त्या गाडीकडे बघत.

"इथेच थांब ना जरा," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"थोडा वेळ."

ती थांबली. मग तिकडून तिला हाक आली, आणि ती गेली.